अकरा महिन्यांचा कागद

भाड्याच्या घराचा कागद अकरा महिन्यांचाच करायचा, असं मी लेकीला पुण्याहून फोनवर बजावलं होतं. ती तेव्हा लोअर हटमध्ये घर बघत होती. वेलिंग्टनला लागूनच आहे ते. तोवर ती तिथल्या कॅम्पातल्या एका खोलीत राहायची. मी काही महिने तिच्याकडे जाणार असं ठरलं, आणि कॅम्पात आईला ठेवता येत नाही, म्हणून घर हवं होतं. हो, कॅम्पच. माझी लेक आर्मीत होती, न्यूझीलंडच्या. हे मी पुण्यात कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसायचा, मग माझ्याकडे नीट बघायचा, मग विचारायचा, "म्हणजे ऑफिसात ना?" मीही हो म्हणून मोकळी व्हायचे. शिकायला म्हणून गेली, इंजिनियर झाली, तिथला पासपोर्ट घेतला आणि एक दिवस फोन करून म्हणाली, आई, मी जॉइन झाले. तिचे वडील तेव्हा नव्हते. त्यामुळे रागवायलाही मीच आणि फोन ठेवल्यावर रडायलाही मीच.

तर अकरा महिने. पुण्यात ज्यानं घर भाड्यानं दिलंय त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. आमचा एक छोटा फ्लॅट होता. त्यात एक गृहस्थ "दोन वर्षांपुरते" म्हणून आले आणि माझी मुलगी बालवाडीतून कॉलेजात गेली तरी हलले नाहीत. वकील झाले, तारखा झाल्या, यजमानांची साखर वाढली. तेव्हापासून घरात एकच शिस्त. कागद अकरा महिन्यांचा, आणि भाडेकरू शक्यतो मिलिटरीतला नाहीतर बँकेतला. का, तर त्यांची बदली होते. बदली झाली की बिचारे निमूट सामान बांधतात. अकरा महिन्यांचा कागद म्हणजे आमच्या लेखी हलका कागद. कुणालाही जड नाही, महिनाभर आधी सांगायचं आणि सुटायचं.

लेक फोनवर म्हणाली, "आई, मालक म्हणतोय मुदत नकोच. हवं तितकं राहा, सोडायचं असेल तेव्हा तीन आठवडे आधी सांग."

माझ्या मनात पाल चुकचुकली. असा कुठला मालक असतो? मुदत नाही म्हणजे त्याच्या मनात येईल तेव्हा तुझं सामान रस्त्यावर. मी म्हटलं, "त्याला सांग, अकरा महिन्यांचा कागद कर, नाहीतर घर नको."

 ती म्हणाली, "इथे तसं नसतं गं."

"सगळीकडे तसंच असतं. का, तुला काय अडचण आहे?"

"काही नाही," ती म्हणाली. "करते अकराचा."

जानेवारीत तिनं घर घेतलं आणि मार्चमध्ये मी पोचले.

घर लाकडी, एकमजली, मागे अंगण, अंगणात कपडे वाळत घालायचं छत्रीसारखं गोल फिरणारं काहीतरी. वारा इतका की पहिल्याच दिवशी माझा परकर शेजाऱ्यांच्या कुंपणावर जाऊन बसला. मालक साठीचा असेल, माझ्याहून थोडा लहानच. थंडी असो की ऊन, अर्धी चड्डी आणि पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी स्लिपरच. मी आले त्याच आठवड्यात तो दारात हजर, हातात हिरव्या फळांची पिशवी. "किया ओरा," म्हणाला, म्हणजे तिकडचा नमस्कार, पिशवी माझ्या हातात दिली आणि गेला. फिजोआ म्हणतात त्या फळाला. मी विचार केला, हा फळं का देतोय? आमच्याकडे मालक नळाला पाणी जास्त आलं तरी कुरकुरतो. लेक म्हणाली, "अगं, झाडाला हीप्स, म्हणजे ढिगानं लागतात, वाया जातात म्हणून वाटतात लोक." मी ती फळं ओट्यावर तशीच ठेवली. लेकीनं खाल्ली, ती ठणठणीत राहिली, तेव्हा मी एक चाखून बघितलं. चांगलं होतं.

दर पंधरवड्याला तो मागचं गवत कापायला यायचा. गवत कापायला, की आम्ही भिंतींना खिळे ठोकलेत का ते बघायला? मी पडद्याआडून लक्ष ठेवून असायचे. तो गवतच कापायचा. पण कापताना शीळ घालायचा, आणि शीळ घालणारा माणूस मला आयुष्यात कधी सरळ वाटलेला नाही. काही सांगितलं की 'बरं' म्हणायच्या ऐवजी म्हणायचा, "स्वीट ॲज." कशासारखं गोड ते काही सांगायचा नाही.

पण खरा संशय घरातच वाढत होता, आणि तो लेकीबद्दल होता.

ती बाथरूममध्ये पुटपुटायची. आंघोळीच्या आवाजात मला शब्द लागायचे नाहीत, पण ते मराठी नव्हते आणि इंग्लिशही नव्हते. फोन आला की खोलीत जाऊन दार ओढून घ्यायची. एकदा दंडावर पट्टी दिसली. विचारलं तर, इंजेक्शन, ऑफिसात सगळ्यांना देतात. पहाटे पाठीवर भलीमोठी पिशवी लादून पळायला जायची आणि घामाघूम होऊन यायची. मी आई आहे. अशा वयाच्या मुलीचं असं काही दिसलं की आईच्या डोक्यात एकच गोष्ट येते. कुणीतरी आहे. आपल्यातला नाही, नाहीतर लपवलं नसतं, आणि त्याची भाषा ही आंघोळ करताना पाठ करतेय.

एका रविवारी मी सरळ विचारलं. ती इतकी हसली की तिच्या हातातला पोळीचा तुकडा पडला. "आई, कसला मुलगा. भाषेचा कोर्स आहे ऑफिसचा. दारी म्हणून भाषा आहे."

"दारी म्हणजे कुठली गं?"

ती चहा टाकायला उठली. नुकताच चहा झाला होता.

दुपारी ती झोपल्यावर मी थोरल्याला फोन लावला. माझा मुलगा न्यूझीलंडमध्येच, वर हॅमिल्टनला, रोटोटुनात राहतो. कॉम्प्युटरमध्ये आहे, सून आहे, दोन नातवंडं आहेत, जी माझं मराठी सगळं समजून घेतात आणि उत्तर इंग्लिशमध्ये देतात. मी म्हटलं, "अरे, दारी कुठे बोलतात?" पलीकडे कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग तो म्हणाला, "अफगाणिस्तानात." आणि जरा थांबून, "का गं आई?"

मी फोन ठेवला.

संध्याकाळी जेवताना तिनं आपणहून सांगितलं. दादानं तिला लगेच कळवलं असणार. नावं नुकतीच पक्की झाली होती. जुलैत निघायचं, सहा महिने. तिकडे डोंगरातल्या एका गावात त्यांचे लोक रस्ते, शाळा, दवाखाने उभारायला मदत करतात, ती त्यांचं संपर्काचं काम बघणार. मी रस्ते आणि शाळा ऐकलंच नाही. मी म्हटलं, "त्यांनी पाठवलं, की तू हात वर केलास?"

"पाठवतायत, आई. आर्मी आहे ती."

लहानपणापासून ही मुलगी खोटं बोलताना ताटातलं मीठ बोटानं सारखं करत बसते. त्या दिवशी मिठाची छान चौकोनी वडी झाली होती. पण माझ्याजवळ पुरावा नव्हता.

मग घराचा प्रश्न आला. ती जाणार, मला थोरल्याकडे पोचवणार, आणि हे घर सोडणार, असा तिचा बेत. तिनं मालकाला विचारलं. आणि तेव्हा आम्हाला कळलं की आपण काय करून बसलोय. तिथल्या कायद्यात मुदत नसलेलं घर भाडेकरूला तीन आठवड्यांची नोटीस देऊन सोडता येतं, पण मुदतीचा कागद केला की तो मुदतभर पाळायचा. नोटीस देऊन सुटका नाही. डिसेंबरपर्यंत घर तिच्या गळ्यात. मी ज्याला हलका कागद समजत होते तोच जड होता, आणि ज्याला फास समजले तो नुसता सैल दोरा होता. हे म्हणजे पुण्यात बसून लोअर हटच्या पायावर धोंडा पाडायचा प्रकार झाला.

मला ते पटेना. मी म्हटलं, "अगं, तू सरकारच्या कामाला जातेयस. पिकनिकला नाही. सैनिकाला घर सोडायला काही सवलत नाही? आमच्याकडे सैनिकाला स्वतःचं घर परत मिळवायलासुद्धा वेगळा कायदा आहे."

"अमेरिकेत आहे म्हणतात," ती म्हणाली. "पोस्टिंगची ऑर्डर दाखवली की करार मोडता येतो, मालक अडवू शकत नाही. आमच्यातला एकजण तिकडे राहून आलाय, तो सांगत होता. इथे तसं नाही. इथे मी बाकीच्यांसारखीच. फार तर ट्रायब्युनलकडे अर्ज करता येतो, अडचण सांगून. ऑफिस पत्र देईल."

मालक तिच्याशी बोलायला आला तेव्हा मी चहा करण्याच्या निमित्तानं स्वयंपाकघरातून ऐकत होते. तो म्हणाला, त्याला हिवाळ्यात, म्हणजे तिकडच्या जून-जुलैत, ऑस्ट्रेलियाला मुलीकडे जायचंय, तिचं बाळंतपण आहे. हिवाळ्यात भाडेकरू पटकन मिळत नाहीत, आणि घर रिकामं ठेवून गेलं की ओल धरते, बुरशी येते. म्हणून कागद डिसेंबरपर्यंतचा झाला तेव्हा त्यालाही बरंच वाटलं होतं. "मध्यस्थाकडे जाऊ," म्हणाला. "ते काय बरोबर ते सांगतील. नो वरीज."

नो वरीज म्हणे. मध्यस्थ, ट्रायब्युनल, म्हणजे कोर्टच की. आमच्याकडे कोर्टाचं नाव काढलं की पुढच्या पिढीचीही सोय होते. आणि मुलीचं बाळंतपण? बापाला कशाला जावं लागतं बाळंतपणाला? मी लेकीला म्हटलं, हा खोटं बोलतोय, ह्याला भाडं सोडवत नाहीये. ती म्हणाली, "आई, तुला सगळेच खोटे वाटतात."

"मग खरं कोण बोलतंय ते तू सांग," मी म्हटलं. तिनं विषय बदलला.

मग रात्री बोलता बोलता ती एक वाक्य बोलून गेली. "घराचं मार्गी लागल्याशिवाय आणि तू दादाकडे पोचल्याशिवाय मी निघणार नाही. साहेबांना सांगितलंय तसं. नाही जमलं तर माझ्या जागी दुसरा जाईल." ती मला धीर द्यायला बोलली. मी ऐकलं ते वेगळंच. म्हणजे घर सुटलं नाही, आणि मी ह्या घरातून हलले नाही, तर ही जाणार नाही.

आता इतके दिवस मी ज्या माणसाला लबाड म्हणत होते, त्यानं अगदी मनापासून लबाड असावं, अशी मी देवाजवळ प्रार्थना करायला लागले. भाडं सोडू नकोस रे बाबा. अडून बस. मला त्याची शीळसुद्धा आवडायला लागली.

पण नुसत्या प्रार्थनेवर सोडणारी मी नाही. पुढच्या वेळी तो गवत कापायला आला, लेक कामावर गेली होती, आणि मी चपला घालून मागच्या अंगणात गेले. माझं इंग्लिश कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करून झालेलं आहे, पत्रापुरतं पक्कं आणि बोलण्यात जरा ताठ. मी म्हटलं, "पेपर इज पेपर. यू प्लीज बी स्ट्रिक्ट." त्यानं मशीन बंद केलं. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून परत म्हटलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ती जाऊ नये असं वाटतं ना तुम्हाला?"  परक्या पुरुषाला घरातलं कशाला सांगायचं? तो मान हलवून पुन्हा मशीनकडे वळला, आणि त्या दिवशी शीळ घातली नाही. त्याला असं सांगण्यात मला तेव्हा काही गैर वाटलं नव्हतं, आणि आजही वाटत नाही. पोटची पोर ज्या देशात जायला निघाली होती, तिथे जाण्यापासून तिला अडवायला मी याहून वाईट काहीही केलं असतं.

मध्यस्थीचा दिवस आला. कोर्ट म्हणून मी चांगली सिल्कची साडी नेसले आणि वरून थंडीमुळे लेकीचं फुगीर जाकीट चढवलं. गेलो तर कोर्ट कुठलं, एका ऑफिसातली छोटी खोली. गोल टेबल, पाण्याचा जग, कोपऱ्यात हीटर. स्वेटर घातलेली एक पन्नाशीची बाई. मी लेकीच्या कानात विचारलं, जज कुठेय? ती म्हणाली, जज नाही, ह्या मध्यस्थ आहेत, इथे जमलं तर इथेच मिटतं. मालकानं त्या दिवशी पायात बूट घातले होते. बूट घातलेला माणूस नक्की अडून बसायला आलाय, असं वाटून मला बरं वाटलं.

बाई सावकाश बोलत होत्या, बहुतेक माझ्यासाठी. म्हणाल्या, मुदतीचा करार दोघांनी मिळून कधीही संपवता येतो. मालक तयार नसेल तर भाडेकरूला ट्रायब्युनलकडे जावं लागतं. आर्मीत असल्यामुळे वेगळा नियम नाही. पण करार केल्यानंतर, आधी कल्पना नसताना परिस्थिती बदलली असेल, आणि त्यामुळे भाडेकरूचे फार हाल होणार असतील, मालकाच्या नुकसानीपेक्षा जास्त, तर ट्रायब्युनल मुदत कमी करू शकतं. मग त्या लेकीकडे वळल्या. "म्हणून मला विचारावं लागतंय. जानेवारीत घर घेतलंत तेव्हा तुम्हाला याची कल्पना होती का?"

नव्हती, एवढंच म्हणायचं होतं. नावं मे महिन्यात पक्की झाली, पत्रात तसंच लिहिलेलं होतं. मीही तिच्या जागी नव्हतीच म्हटलं असतं.

टेबलावर ना ताट होतं, ना मीठ. तिनं दोन्ही हात समोर ठेवले होते.

"होती," ती म्हणाली. "नोव्हेंबरात नावं मागवली तेव्हा मी माझं दिलं होतं. द्यायला कुणी सांगितलं नव्हतं. निवड होईल की नाही माहीत नव्हतं, पण व्हावी असं फार वाटत होतं."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. म्हणजे हात वर केला होता. म्हणजे मी विमानात बसले तेव्हा, फिजोआ चाखला तेव्हा, रोज सकाळी तिचा डबा भरत होते तेव्हा, हिला सगळं माहीत होतं. मला खरं ओळखल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. 

बाईंनी कागदाकडे बघितलं. "मालकांनी तर तुम्हाला मुदत नसलेला करार देऊ केला होता. जाण्याची शक्यता होती, तर तुम्ही अकरा महिन्यांचा का मागितलात?"

लेक माझ्याकडे बघत नव्हती. ती बाईंशीच बोलत होती, इंग्लिशमध्ये, आणि प्रत्येक शब्द मला कळत होता. "आईचा आग्रह होता. मी नको म्हटलं असतं तर तिनं का म्हणून विचारलं असतं, आणि कारण कळल्याशिवाय तिनं सोडलं नसतं. कळलं असतं तर ती आली असती ती मला अडवायला. मला ती तशी नको होती. जाण्याआधी थोडे दिवस मला ती नुसती घरात हवी होती."

 बाई म्हणाल्या, तुम्ही खरं सांगितलंत ते चांगलं केलंत, पण पुढे गेलात तर हे तुमच्या विरुद्ध जाऊ शकतं. आधी कल्पना नव्हती असं म्हणता येणार नाही. म्हणजे माझंच खरं होत होतं. कायदा तिच्या बाजूनं नव्हता, कागद डिसेंबरपर्यंत पक्का होता. आता फक्त मालकानं तोंड मिटून बसायचं होतं.

तो म्हणाला, "मी पहिल्याच दिवशी हिला हेच तर सांगत होतो, मुदत नको." मग त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, सरळ. मला वाटलं आता हा अंगणातलं सगळं सांगणार, लेकीच्या समोर. मी साडीचा पदर मुठीत धरला. तो त्यातलं काही बोलला नाही. म्हणाला, "घर आईसाठी घेतलं होतं, तर कधी सोडायचं ते आईलाच ठरवू द्या. त्या म्हणतील ती तारीख. डिसेंबर म्हणाल्या तर डिसेंबर, उद्या म्हणाल्या तर उद्या. मी ऑस्ट्रेलियाला थोडा उशिरा जाईन, माझी बायको आहे तिकडे मुलीजवळ. माझी काही हरकत नाही."

मेला नेमका त्याच दिवशी भला निघाला. आणि भला तरी कसा, मला जे हवं होतं ते त्यानं उचलून माझ्याच हातात ठेवलं.

बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, चालेल का. तिघंही माझ्याकडे बघायला लागले. लेकीनंही पहिल्यांदा मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर विनवणी नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं, मी नाही म्हणून मोकळी झाले असते. ती नुसती वाट बघत होती, दहावीचा निकाल हातात घेऊन दारात उभी राहिली होती तशी.

डिसेंबर. एवढा एक शब्द म्हणायचा होता. मी डिसेंबर म्हणाले असते, ह्या घरातच राहीन म्हणाले असते, तर ती गेली नसती. तिनं दिलेला शब्द पाळला असता, हे मला माहीत होतं. दुसरा कुणीतरी गेला असता, कुणा दुसऱ्या आईचा. आणि माझी लेक रोज माझ्यासमोर बसून जेवली असती, सुखरूप, आणि ताटातलं मीठ सारखं करत बसली असती.

मी म्हटलं, "ती ज्या दिवशी जाईल, त्याच दिवशी."

बाईंनी लिहून घेतलं. मालकानं सही केली, लेकीनं केली. माझी सही लागत नव्हती. निघताना मालकानं माझ्याशी हात मिळवला. आभार मानायला हवे होते, पण माझ्यानं ते झालं नाही. त्या माणसाचा मला अजूनही राग आहे. खरोखर लबाड असता तर किती बरं झालं असतं.

ती जुलैत गेली. सहा महिन्यांनी परत आली. तिकडचं जे काही आहे ते तिचं, सांगायचं तर तिनं सांगावं. माझ्याजवळ आहे ते त्या दिवसाचं, ऑफिसातून घरी परततानाचं. गाडी ती चालवत होती. वारा सुटला होता, गाडी हलत होती, आणि तिनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं होतं. मध्येच म्हणाली, "रागावलीस?"

"हो," मी म्हटलं.

"खूप?"

"खूप."

 मला तिला एकच विचारायचं होतं, परत येशील ना. घरापर्यंत ते माझ्या ओठांवर होतं, आणि मी विचारलं नाही. ती लगेच हो म्हणाली असती, आणि माझा त्यावर विश्वास बसला नसता.